कंसाबाहेरची काकू

११ एप्रिल

प्रिय काका,

नमस्कार. बुटांच्या दुकानाची काच बसवताना तुम्ही शिडीवरून पडलात आणि तुमच्याआधी तुमचा फोन खाली पोहोचला, हे बाबांकडून कळलं. फोन गेला, उजवा हात दोन ठिकाणी मोडला, काच मात्र वाचली. बाबा म्हणाले, "काच वाचली हे सांगताना तुझ्या काकाचा आवाज ऐकायला हवा होतास. जणू मूलच वाचलं!" काकूने आईला सांगितलंय की प्लास्टर अजून दोन महिने राहणार आणि तुम्ही दिवसभर पलंगावर बसून समोरच्या इमारतीतल्या कुठल्या खिडकीची काच वाकडी बसलीय ते मोजता. मग संध्याकाळी तिचं डोकं खाता.

म्हणून हे पत्र आणि सोबतचं जाडजूड पुडकं.

झालंय असं की पुढच्या वर्षी आमच्या कॉलेजात साहित्याचा एक वरच्या पातळीचा वर्ग सुरू होतोय. जागा बारा, आणि नाव दिलेले आम्ही एकतीस. मॅडमनी सुट्टीत वाचायला चार कादंबऱ्या दिल्यात आणि प्रत्येकीवर दोन पानं लिहायला सांगितलीत. पण गोष्ट सांगायची नाही. "लेखकाने जे सांगितलेलं नाही, ते लिहा," एवढं म्हणून त्या डस्टर ठेवून निघून गेल्या. जे सांगितलेलंच नाही ते मी कुठून आणू? बाकीच्या मुली माना डोलवत होत्या, मीही डोलवली.

पहिली कादंबरी सगळ्यात जाड आहे. डोंगरावरच्या हवामान केंद्रात एक बाई रोज वारा आणि तापमान मोजून लिहिते, तिची गोष्ट. पाचशे चाळीस पानं! एक प्रत मी आणली, एक बाबांनी, त्यामुळे दोन झाल्या. दुसरी तुम्हाला पाठवतेय. माझ्याबरोबर वाचाल का? आपल्या घरात मला पुस्तकाबद्दल बोलायला दुसरं कुणी नाही, आणि तुम्हाला पळून जाता येणार नाही.

तुमची,
मुंगी


२० एप्रिल

मुंगे,

पुडकं मिळालं. त्यात खायला काहीतरी असेल असं वाटलं होतं.

मी तुला सरळ सांगतो, मी शाळा सोडल्यापासून वर्तमानपत्राच्या पलीकडे काही वाचलेलं नाही. शिवाय एका हाताने एवढं जड पुस्तक धरवत नाही, छातीवर आदळतं. म्हणून तुझी काकू दुपारी हॉस्पिटलातून आली की चहाबरोबर वीस पानं वाचून दाखवते. दिवसभर रेकॉर्ड विभागात कागद इकडून काढायचे आणि तिकडे ठेवायचे एवढंच तिचं काम, त्यामुळे डोळे ताजे असतात. (कंसातलं मी, काकू. ते सांगतात, मी लिहिते. पण हात माझा आहे. डोळे ताजे नसतात.)

तुझ्या लेखकाला काच कळत नाही. सदुसष्टाव्या पानावर थंडीने खिडकी तडकते तेव्हा म्हणे कोळ्याच्या जाळ्यासारख्या रेघा उमटल्या. थंडीने काच अशी तडकत नाही. कडेपासून एकच रेघ निघते आणि नदीसारखी वळत जाते. जाळं दगडाने होतं. वाऱ्यात तावदान वाजतं ते मात्र बरोबर लिहिलंय, काचेच्या कडेची पुट्टी सुकली की अगदी तसंच वाजतं. त्या बाईच्या नवऱ्याने ती पुट्टी कधीच भरायला हवी होती. पूल बांधतो म्हणे आणि घरातली खिडकी दिसत नाही. (ऐका!)

बाकी गोष्ट बरी आहे. बाई एकदाही नोंद चुकवत नाही हे मला आवडलं. ताप असताना शाल गुंडाळून जाते. कामाची माणसं मला आवडतात.

(मुंगे, एक गोष्ट मला दिसली. दीडशे पानं झाली, पण तो नवरा तिच्या यंत्रांच्या खोलीत एकदाही गेलेला नाही. दारात उभा राहून "जेवायला ये" म्हणतो आणि तिथूनच वळतो. लेखक हे कुठेही बोलून दाखवत नाही. मी मागची पानं पुन्हा चाळून पाहिली, खरंच एकदाही नाही.)

हे मीच सांगणार होतो. (नव्हते सांगणार.)

तुझा,
काका


२८ एप्रिल

प्रिय काका आणि कंसातली काकू,

तुमचं पत्र मी चारदा वाचलं आणि मग आईला वाचून दाखवलं. आई हसून हसून खुर्चीतून पडायची राहिली.

पण काकू, तू जे लिहिलंस ते वाचून मी पुस्तक उघडलं आणि पहिल्या पानापासून नवऱ्याच्या मागे लागले. तो अंगणात आहे, स्वयंपाकघरात आहे, जिन्यावर आहे, पण त्या खोलीत खरंच नाही! मॅडम म्हणाल्या ते हेच असणार. मी तीनशे पानं वाचली होती आणि मला एवढंच कळलं होतं की डोंगरावर खूप वारा असतो. तुला हे कसं दिसलं गं? मला तर तुझ्यापुढे माझीच लाज वाटली.

आता एक अडलंय. नवव्या प्रकरणात तिला मोठ्या केंद्रातून पत्र येतं, तिथली प्रमुख म्हणून या. ती पत्र घडी करून यंत्रांच्या कपाटात ठेवते, नकार कळवते आणि नवऱ्याला सांगतच नाही. आमच्या वर्गातल्या दोघींना भेटले, त्या म्हणतात, किती थोर त्याग. मला काही तसं वाटत नाही, पण काय वाटतं तेही सांगता येत नाही. तिने त्याला विचारलं का नसेल? तुम्ही दोघं काय म्हणता? दोघांची मतं वेगवेगळी लिहा हं, म्हणजे भांडणही वाचायला मिळेल.

दुसरी कादंबरी सुरू केलीय. तिच्यात एकही खिडकी नाही, काका. तुम्हाला चालणार नाही.

तुमची,
मुंगी


१४ मे

मुंगे

हे मी डाव्या हाताने लिहितो आहे. अक्षर कोंबडीचं आहे. चालवून घे.

तुझा प्रश्न काकूने चहाच्या वेळी मोठ्याने वाचला. मी म्हणालो, बाई मूर्ख आहे. तोंड होतं ना. विचारायचं. नवरा काय खाणार होता का.

काकूने पुस्तक मिटलं. म्हणाली, "मीही नव्हतं विचारलं."

मला आधी कळलंच नाही. मग तिने सांगितलं. बारा वर्षांपूर्वी मोठ्या हॉस्पिटलातून तिला पत्र आलं होतं. तिथला सगळा रेकॉर्ड विभाग सांभाळायला या म्हणून. बसने पाच तासांवर. मी तेव्हा नुकतं काचेचं दुकान टाकलं होतं. तिने नकार कळवला. मला बोलली नाही. बारा वर्षं.

मी म्हणालो, मग आत्ता कशाला सांगतेस? मला तसं म्हणायचं नव्हतं. पण तोंडून तेच गेलं.

त्याला आता चौदा दिवस झाले. जेवण वेळेवर. गोळ्या वेळेवर. शर्टाची बटणं लावून देते. पण बोलत नाही. वाचत नाही. पुस्तक पिशवीत घालून कामावर नेते, म्हणजे मला मिळू नये.

तू शेवटपर्यंत वाचलंयस. पुस्तकातली बाई शेवटी काय करते? नवरा काय करतो? मला लवकर कळव.

काका


१९ मे

प्रिय काका,

तुमचं पत्र वाचून मला रडू आलं. मी भांडण वाचायला मागितलं होतं, ते गंमत म्हणून. मला काही ठाऊक नव्हतं. काकूला माझ्यातर्फे सांगा की मला माफ कर. किंवा नका सांगू, मीच सांगेन.

शेवट मी तुम्हाला सांगणार नाही. रागावू नका. तुम्ही तो वाचून पुस्तकातल्या नवऱ्यासारखं वागाल किंवा मुद्दाम त्याच्या उलट वागाल, आणि काकू काही पुस्तकातली बाई नाही. तिला एका वाक्यात ओळखू येईल की हे मुंगीकडून उसनं आणलंय.

पण मी एक विचारू का? लहान तोंडी मोठा घास आहे, तरी विचारते. तुम्ही त्या माणसाला नावं ठेवलीत, की पूल बांधतो आणि घरातली खिडकी दिसत नाही. काकू गेली एकोणीस वर्षं रेकॉर्ड विभागात आहे. तुम्ही पहिल्या पत्रात लिहायला सांगितलंत, कागद इकडून काढायचे आणि तिकडे ठेवायचे, आणि ते तिनेच स्वतःच्या हाताने लिहिलं. तुम्ही कधी त्या खोलीत गेला आहात का?

मीही गेलेले नाही. आपल्यापैकी कुणीच गेलेलं नाही.

तुमची,
मुंगी


१ जून

मुंगे,

हे पत्र लिहायला मला चार दिवस लागले. डाव्या हाताला आता थोडी शिस्त आली आहे.

तुझं पत्र वाचून मला राग आला. टेबलावर आपटायला गेलो तर प्लास्टरचाच हात आपटला. दुसऱ्या दिवशी दाढी केली आणि हॉस्पिटलात गेलो.

रेकॉर्ड विभाग तळमजल्यावर मागच्या अंगाला आहे. एकोणीस वर्षं बायको ज्या दारातून आत जाते ते दार कुठे आहे, हे मी चौकीदाराला विचारलं. त्याने विचारलं, कुणाकडे काम आहे? मी म्हणालो, असंच.

आत एक लांब टेबल, त्यावर जाळीची खिडकी, आणि मागे छतापर्यंत मांडण्या. सगळीकडे गठ्ठे, प्रत्येक वर्षाच्या फितीचा रंग वेगळा. काय बोलावं ते सुचेना, म्हणून मी रांगेत उभा राहिलो. काकू खाली मान घालून लिहीत होती. तिने मला पाहिलं नाही.

माझ्या पुढे चाळिशीची एक बाई होती. तिचं ऑपरेशन व्हायचं होतं आणि डॉक्टरांना तिच्या आईचा जुना केसपेपर हवा होता, कारण आईला भुलीच्या औषधाने काहीतरी झालं होतं. आई आता नाही. सव्वीस वर्षांपूर्वीची गोष्ट. नंबर नाही, नेमकं साल नाही. मी मनात म्हणालो, झालं, आता हिला हात हलवत परत जावं लागणार.

काकूने विचारलं, "आई झोपायची त्या खिडकीतून काय दिसायचं?"

बाई गोंधळली. मग म्हणाली, "पाण्याची टाकी."

"म्हणजे जुनी इमारत, दुसरा मजला. आणि तुम्ही यायचात ते शाळा बुडवून की सुट्टीत?"

"सुट्टीतच. रोज दुपारभर बसायचे. टाकीचं काम चाललं होतं, ठोकाठोक ऐकू यायची."

"मग साल मिळालं," काकू म्हणाली. चष्मा कपाळावर सरकवला, शिडी ओढली आणि चढली. मुंगे, मी तीस वर्षं शिड्या चढतो आहे. तुझी काकू माझ्यापेक्षा चांगली चढते. एकदाही खाली पाहिलं नाही. हिरव्या फितीचा गठ्ठा काढला, वरच्या वरच चाळला, ठेवला, शेजारचा काढला. भिंतीवर घड्याळ होतं, मी पाहत होतो. अकरा मिनिटं. उतरली तेव्हा हातात पिवळा पडलेला कागद होता आणि खाली त्या आईची सही.

बाई सहीवर बोट ठेवून रडायला लागली. काकूने आतून खुर्ची आणून दिली, पाणी दिलं. बाईचं रडणं थांबल्यावर मग रजिस्टर पुढे केलं, "आता इथे तुमची सही करा."

माझ्या मागे एक तरुण डॉक्टर उभा होता. तो शेजारच्याला म्हणाला, "या बाई रजेवर असल्या की आम्ही ऑपरेशनची तारीखच पुढे ढकलतो." मला वळून सांगावंसं वाटलं की मी या बाईंचा नवरा आहे. पण तो म्हणाला, "काका, पुढे सरका."

मी सरकलो. काकू मान वर न करता म्हणाली, "नंबर?"

मी म्हणालो, "नंबर नाही."

मग तिने वर पाहिलं. "काय हवंय?"

"बारा वर्षांपूर्वीचं एक पत्र. मोठ्या हॉस्पिटलातून आलेलं."

"ते इथे नाही. घरी आहे."

"मला दाखवशील?"

मागचा डॉक्टर म्हणाला, "ओ काका, जरा लवकर."

संध्याकाळी आम्ही घरी चालत आलो. बसस्टॉप तीन गेले, दोघांपैकी कुणीच बसमध्ये चढलं नाही. शेवटी तिने विचारलं, "तेव्हा विचारलं असतं तर काय म्हणाला असता?"

मला ठाऊक होतं, काय ऐकायला बरं वाटेल. पण मी म्हणालो, "नाही म्हणालो असतो. कामाचं काय आहे, इथेही आहेच, असं म्हणालो असतो. आणि तेवढ्यावर विसरूनही गेलो असतो."

ती म्हणाली, "माहीत होतं. म्हणूनच नाही विचारलं. पण तुम्ही खरं बोललात ते बरं केलंत. गोड बोलला असता तर पुढचं मी सांगितलंच नसतं."

पुढचं हे, की तिला पुन्हा पत्र आलं आहे. मार्चमध्ये. तीच जागा रिकामी झाली आहे, आणि तिथल्या मोठ्या डॉक्टरांना हिचं नाव अजून आठवतं. अर्जाची शेवटची तारीख दहा जून. दोन्ही पत्रं तिने काढून दाखवली. दोन्हींच्या घड्या सारख्या होत्या.

मी विचारलं, "अर्ज कुठे आहे?"

"लिहिलेला नाही."

"सांग, मी लिहितो."

मुंगे, चौदा दिवसांत, नाही, जास्तच दिवसांत ती पहिल्यांदा हसली. म्हणाली, "डाव्या हाताने? मला ती नोकरी हवी आहे हो!"

मग तिने लिहिला आणि मी पाकीट चिकटवलं. टपालाने गहाळ होईल म्हणून मी स्वतः बसने जाऊन देऊन आलो. पाच तास जाताना, पाच तास येताना. मला तिकडे कुणीतरी विचारलं, तुम्ही कोण? या वेळी सांगितलं.

तुझा,
काका


१३ जून

प्रिय काका आणि काकू,

आधी माझी बातमी, मग बाकीचं. मला जागा मिळाली! बारांत नववी.

चार कादंबऱ्यांपैकी तिसरीवर माझं लिखाण अगदीच फुसकं झालं, मॅडमनी तसं तोंडावर सांगितलं. पण हवामान केंद्रावरची दोन पानं त्यांनी वर्गात वाचून दाखवली. मी फक्त त्या खोलीबद्दल लिहिलं होतं. नवरा कुठे कुठे दिसतो ते पानासकट मांडलं आणि म्हटलं, लेखकाने एक दार पाचशे चाळीस पानं उघडं ठेवलंय आणि त्यातून कुणी आत गेलेलं नाही.

मॅडमनी विचारलं, "हे तुला कसं सुचलं?" सगळ्या माझ्याकडे पाहत होत्या. क्षणभर वाटलं, "सुचलं" एवढंच म्हणावं. पण मी उभी राहून सांगितलं, मला नाही सुचलं. माझ्या काकूने पाहिलं, ती हॉस्पिटलात जुने कागद शोधते. मी फक्त पानं मोजली. मॅडम म्हणाल्या, "पानं मोजणंही येतं कुणाला? बस खाली." मग म्हणाल्या, "तुझ्या काकूंनी आणखी काही वाचलं तर मला कळव."

काका, शेवट आता सांगते. म्हातारपणी ती बाई नवऱ्याला ते पत्र दाखवते. तो ते वाचतो आणि तिथेच कादंबरी संपते. तो काय म्हणतो ते लेखकाने लिहिलेलंच नाही. ते मला तुमच्या पत्रातून कळलं, पण मी ते कॉलेजच्या कागदावर लिहिलं नाही. ते तुमचं दोघांचं आहे.

तुम्ही त्या संध्याकाळी "नाही म्हणालो असतो" म्हणालात, तेवढं धाडस माझ्या ओळखीत कुणी केलेलं नाही. मी तर वर्गात उभी राहतानाही टेबल धरलं होतं.

आणि काकू, अकरा मिनिटांत सव्वीस वर्षं मागे जाणारी बाई माझी काकू आहे, हे मी आल्या-गेल्याला सांगत सुटलेय. मुलाखत कधी आहे? आता तू मला पत्र लिही. फक्त तू. कंसाच्या बाहेर ये.

तुमची,
मुंगी


५ जुलै

प्रिय मुंगी,

कंसाशिवाय लिहायची सवय नाही, त्यामुळे पहिल्या दोन ओळी मी खोडून काढल्या. आता ही तिसरी.

तुझं मनःपूर्वक अभिनंदन. नववी म्हणजे काही मागे नाही. आणि चूक तुझी नव्हती, माफीबिफी मागू नकोस. तू विचारलं नसतंस तर ते पत्र घडीतच राहिलं असतं.

मुलाखतीला टेबलापलीकडे तिघं होते. हाताखाली किती माणसं होती, कॉम्प्युटरवर काय काय येतं, आग लागली तर आधी काय बाहेर काढाल, असं सगळं विचारून झालं. मग मधले डॉक्टर म्हणाले, "बारा वर्षांपूर्वी तुम्ही का नाही आलात?" मी घरून उत्तर ठरवून नेलं होतं, घरच्या अडचणी वगैरे. ऐन वेळी ते तोंडातून निघेना. मी म्हटलं, "तेव्हा मी माझ्या घरी विचारलंच नाही. उत्तर नकाराचं येईल हे मला माहीत होतं, आणि ते ऐकायचं धैर्य नव्हतं." त्यांनी विचारलं, "आणि आता?" मी म्हटलं, "आता अर्ज त्यांनीच आणून दिलाय."

आठ दिवसांत पत्र आलं. मी ते उभ्या उभ्या तुझ्या काकांना वाचून दाखवलं, घडी घालायच्या आधी.

आता मी इथेच राहते, हॉस्पिटलच्या मागच्या इमारतीत एक खोली मिळालीय. पलंग, टेबल आणि एक खुर्ची. शनिवारी घरी जाईन, नाहीतर ते येतील. त्यांचं प्लास्टर निघालंय. हात अजून नीट वळत नाही, पण दुकान उघडलंय. पहिल्या आठवड्यात भात तीनदा करपला असं कळवतात आणि दोष भांड्याला देतात. परवा नव्या फोनवरून अवेळीच फोन केला. मी विचारलं, "काय झालं?" तर म्हणाले, "घर फार शांत आहे. तू तिथे काय काय केलंस ते सांग." मी सांगितलं. त्यांनी मध्येच प्रश्न विचारले. खरं सांगते, लग्नाला सत्तावीस वर्षं झाली, कामाबद्दल मला त्यांनी विचारलेले ते पहिले प्रश्न.

इथला विभाग आमच्या जुन्या विभागाच्या चौपट आहे. पहिल्या दिवशी सकाळी मी वेळेच्या आधीच पोहोचले. दार ढकललं. आत दोन तरुण मुली टेबलाशी बसून लेबलं चिकटवत होत्या. मला पाहताच दोघी हातातलं काम टाकून उठून उभ्या राहिल्या.

मी मागे वळून पाहिलं, कोण साहेब आलेत म्हणून.

मागे कुणीच नव्हतं.

तुझी,
काकू